चौकातला खांब की लूमची शेड? युद्धातलं विमान सोलापुरात ठेवायचं तर

सोलापुरातल्या एका शिक्षणसंस्थेचे विश्वस्त गेल्या महिन्यात घरी आले होते. हवाई दलाकडं निवृत्त लढाऊ विमानासाठी अर्ज करायचं त्यांनी ठरवलंय. जागाही बघून ठेवलीय: फाटकाशेजारी, उंच खांबावर, नाक आभाळाकडं. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या धडा-पंखांची दुरुस्ती करणारा, होतो, म्हणून "काका, रंग कोणता द्यायचा तेवढं सांगा," असं म्हणाले. रंगावर यायच्या आधी आम्ही दोन तास जागेवरच बोलत बसलो. मिग-२१ हे लढाऊ विमान सप्टेंबर २०२५ मध्ये सेवेतून गेलं, तेव्हा हाच विचार आणखीही कुणाच्या मनात असेल. त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितो.

वाटा तीन आहेत. विमान उघड्यावर खांबावर चढवायचं. किंवा छपराखाली त्याच्या चाकांवर उभं करून, आलं तसं जपायचं. किंवा पार उघडून, रंग खरवडून, गेलेले भाग नव्यानं करून पुन्हा पहिल्यासारखं करायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो: सोलापूरसाठी दुसरी वाट. पण पहिलीची ओढ मला कळते.

खांबावरचं विमान सगळ्यांना दिसतं. एसटीच्या खिडकीतून दिसतं, शाळेत निघालेल्या पोराला दिसतं. तिकीट नाही, कुलूप नाही. शिवाय आपली हवा कोरडी, कोकणासारखा खारा वारा नाही, पाऊस बेताचा. "आपल्याकडं गंज कुठला चढतोय?" असं विश्वस्त म्हणाले. ते अर्धंच खरं आहे. विमानाची कातडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. लोखंड तांबडं पडून बोंब तरी मारतं, हे आतल्या आत जातं.

नोकरीत असताना एका गावातलं असं खांबावरचं विमान तपासायला मला पाठवलं होतं. खालून बघितलं तर झकास, ताजा रंग. शिडी लावून वर गेलो. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा घेणाऱ्या तोंडात, पारव्यांची घरटी. पंख धडाला मिळतो तिथं रंगाला फुगे आलेले. अंगठ्यानं दाबलं तर फुगा आत बसला आणि पांढरी भुकटी बोटाला लागली. पंखाच्या कडेला धातू थराथरानं सुटला होता, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा, नखानं उचलता येत होता. पोटाच्या पॅनलला पाण्याच्या निचऱ्यासाठी बारीक भोकं असतात. ती ऑइलपेंटच्या हातावर हात चढून बुजली होती. पॅनलचे स्क्रू सैल केले तसं बादलीभर काळं पाणी माझ्या कोपरापर्यंत आलं. त्या विमानाकडं कुणी दुर्लक्ष केलं नव्हतं. दर वर्षी सव्वीस जानेवारीच्या आधी त्याला मनापासून रंग दिला जात होता, आणि त्या रंगानंच पाणी आत कोंडलं होतं. ते दृश्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

खांबाचं आणखी एक आहे. जमिनीवर विमानाचं वजन चाकांचे पाय पेलतात, हवेत पंख. पोटाखालच्या एका खांबावर ते तोलायचं तर आत लोखंडी चौकट घालावी लागते, आणि त्यासाठी पॅनल कापतात, कधी आतल्या फ्रेमलाही करवत लागते. लोखंड ॲल्युमिनियमला टेकलं आणि तिथं ओल धरली, की बॅटरीत चालते तशी क्रिया सुरू होते. तीत झिजतं ते ॲल्युमिनियम. वळवाचं वादळ पंखाखाली शिरलं की सगळा हिसका त्याच जोडावर. पायाचं तर विचारूच नका. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, मुरूम लागेपर्यंत खाली गेल्याशिवाय तिच्यावर भरवसा नाही. मे महिन्यात ४३-४४ अंशांच्या उन्हात कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचं पारदर्शक झाकण, पिवळी पडून तिला केसासारख्या चिरा जातात, दारांची रबरं कडक होऊन पहिल्या पावसाला वाट देतात.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराची हकिकत मी विश्वस्तांना सांगितली. 'मेम्फिस बेल' हे दुसऱ्या महायुद्धातलं बी-१७ बॉम्बर. १७ मे १९४३ ला त्यातल्या जवानांनी पंचविसावी मोहीम पुरी केली. युद्ध संपल्यावर विमान भंगाराच्या वाटेवर होतं, तेव्हा १९४६ मध्ये मेम्फिसच्या महापौरांनी पुढाकार घेऊन ते ३५० डॉलरला मिळवलं. गावानं आपुलकीनं आणलं आणि उघड्यावर उभं केलं. पुढं वर्षानुवर्षं लोक आठवण म्हणून आतली उपकरणं काढून नेत राहिले. १९८७ मध्ये वर छत आलं, पण बाजू उघड्याच. शेवटी २००५ मध्ये ते डेटनच्या अमेरिकी हवाई दल संग्रहालयात गेलं. डागडुजीला १३ वर्षं लागली. १७ मे २०१८ पासून ते पुन्हा बघायला मिळतं, पण डेटनमध्ये. मेम्फिसच्या हातून ते कायमचं गेलं.

आता शेड. अक्कलकोट रोडला बंद पडलेल्या पॉवरलूमच्या शेड मी बघितल्या आहेत. मिग-२१ चा पंखविस्तार ७.१५ मीटर, लांबी १५ मीटरच्या आसपास, शेपटापाशी उंची चार मीटरच्या थोडी वर. मधले दोन खांब आड येत नसतील तर ते अशा शेडमध्ये बसतं. हंटर हे जुनं लढाऊ विमान सव्वादहा मीटर रुंद, त्याला जागा शोधावी लागेल. नॅट हे छोटं लढाऊ विमान तर पावणेसात मीटर पंखांचं आणि नऊ मीटर लांबीचं पोर, कुठंही मावेल. ऊन आणि पाणी वरच्या पत्र्यानं थांबलं की निम्मं काम झालं. मात्र शेड रंगखात्याशेजारची नको. ब्लीचिंगची वाफ ॲल्युमिनियमला खाते. सिमेंटची धूळही ओल लागली की तेच करते. आणि लूमचं जुनं तूस कानाकोपऱ्यातून आधी झाडून घ्या, ते ओल धरून ठेवतं.

उभं करताना जॅक लावून टायरवरचा भार काढायचा. इनटेक आणि मागच्या तोंडाला जाळी. वर्षातून दोनदा पॅनल उघडून टॉर्च मारायची, निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी करायची. पुसायला मऊ कापड, साधं पाणी, सौम्य साबण. गाड्या धुवायचा प्रेशर पंप लांब ठेवा, तो पाणी रिव्हेटच्या फटीत घुसवतो. हे काम आयटीआयची मुलं शिकून करू शकतात. खांबावरच्या विमानासाठी त्यांना क्रेन मागवावी लागेल, आणि क्रेन मागवणं दुसऱ्या वर्षी बंद पडतं.

शेडमधलं विमान कमी लोक बघतील, हे खरं. पण जे येतील ते तोफेच्या तोंडाशी उभे राहतील, धुरानं काळवंडलेला पत्रा बघतील, आतल्या जागेत माणूस बसतो कसा हे त्यांना कळेल. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक त्यांच्या घराच्या जागेवरच आहे, म्हणून तिथं पाय टाकताना वेगळं वाटतं. विमानाचंही तसंच आहे. ते हात लांबवला तर लागेल इतकं जवळ हवं.

तिसऱ्या वाटेबद्दल थोडक्यात. उडतं विमान करायचं स्वप्न सोडून द्या. हवाई दलाचं 'परशुराम' हे जुनं डकोटा मालवाहू विमान इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये भारतात आलं, पण त्याच्यामागं अख्खं हवाई दल उभं आहे. जपणूक चांगली असूनही जुनी विमानं दगा देतात: २ ऑक्टोबर २०१९ ला अमेरिकेत 'नाइन-ओ-नाइन' हे बी-१७ पडलं आणि ७ माणसं गेली.

जमिनीवरच, पण नवं कोरं करायचं, हा मोह मोठा आहे. इथं मी हट्टी आहे. रंग खरवडला की विमानाची साक्ष जाते. अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयाकडं 'फ्लॅक बेट' नावाचं दुसऱ्या महायुद्धातलं बी-२६ बॉम्बर आहे, दोनशेहून जास्त मोहिमा केलेलं. त्याच्या अंगावर गोळ्यांच्या आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांच्या भोकांवर मारलेली हजारभर ठिगळं आहेत. तिथल्या लोकांनी त्याला नवा रंग दिला नाही. युद्धातला रंग, ठिगळं, सगळं जागच्या जागी राखायचं ठरवलं. आपल्या गावात हे पटवायला अवघड जाऊ नये. चादरीला भोक पडलं तर चांगला कारागीर रफू करतो, त्याच नंबराची नवी चादर आणून ठेवत नाही. शिवाय जुन्या रंगाखालचं पिवळं-हिरवं क्रोमेट प्रायमर घासलं की त्याची धूळ विषारी. ते काम मुलांच्या हाती देता येत नाही.

याच कारणानं रंगाच्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटी दिलं: आलाय तोच ठेवा. विश्वस्तांना १९७१ चं विमान हवंय. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों नॅटमधून एकटे लढले आणि परमवीर ठरले. त्याच दिवशी आपल्या मिग-२१ नी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला. पण त्या युद्धातली मिग-२१ एफएल जातीची विमानं २०१३ मध्येच सेवेतून गेली, आणि आता मागितलं तर बहुधा नंतरच्या काळातलं बायसन, म्हणजे मिग-२१ चीच सुधारलेली जात, मिळेल. त्याच्यावर १९७१ चे आकडे रंगवायचे नाहीत. त्याचा स्वतःचा नंबर, त्याच्या स्क्वाड्रनचं चिन्ह, त्यानं खरंच जे केलं ते फलकावर लिहा. लॉगबुकची प्रत अर्जाबरोबरच मागा. मिग आपल्या महाराष्ट्रात, ओझरला बांधली गेली. त्या नंबराचं विमान तिथलं निघालं तर फलकाची पहिली ओळ मिळाली.

एक गोष्ट ठेवायची जागा कुठलीही असो, सोडू नका. ताबा घेताना इजेक्शन सीटची (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीची) आणि कॅनॉपी उडवायची काडतुसं काढली आहेत हे लेखी घ्या. पोरं त्या खुर्चीत बसणार आहेत.

विश्वस्तांनी खांब अजून सोडलेला नाही, पण रविवारी ते मला एक शेड दाखवायला नेणार आहेत. दार साडेतीन मीटरचं आहे म्हणे. धड आत जाईल, शेपटाचा वरचा भाग आणि पंख बाहेर उतरवून घ्यावे लागतील. टेप आणि ओळंबा पिशवीत घालून ठेवलाय.