मॅग्नेटिक होम ट्रेनर : कॉलरबोन मोडलेल्या सायकलवाल्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो मग बाकीचं. पाचपैकी साडेतीन स्टार. वस्तू, म्हणजे सायकल अडकवून घरात जागेवरच पाय मारायचा स्टँड, कामाची आहे पण नवी घेऊ नका, सेकंडहँड बघा, आणि वाचलेले पैसे फिजिओला द्या.

पावसाळ्यात साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट उतरताना वळणावर खडी होती, चाक घसरलं आणि सगळा भार डाव्या खांद्यावर आला. कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड गेलं, तेही मधल्या भागात, बहुतेक जणांचं तिथंच मोडतं म्हणे. तुकडे फार सरकले नव्हते म्हणून ऑपरेशन करून प्लेट बसवणं टळलं आणि हात झोळीत आला. मोठ्या माणसाचं हे हाड जुळायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. आता दर रविवारी कासला जाणाऱ्या माणसाला एवढे दिवस घरात बसवायचं म्हणजे घरच्यांचेच हाल. पहिले काही दिवस शाहू स्टेडियमला नुसतं चाललो, अजिंक्यताऱ्यावर जायची लय इच्छा होती पण पावसात तिथं पाय घसरला तर दुसरं कॉलरबोन, म्हणून आईनं गेटच्या बाहेर सोडलं नाही. मग ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले दुखणं कमी झालं की स्टँडवर बसून पाय मार, पण हँडलवर वजन टाकायचं नाही आणि पडायचं तर अजिबातच नाही.

तर स्टँड म्हणजे हा ट्रेनर. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, या रेंजमधले सगळे जवळपास एकाच साच्यातले असतात. लोखंडी फोल्डिंग फ्रेम, त्यात सायकलचं मागचं चाक एक्सलला, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याला धरून उचललं जातं आणि टायर एका रोलरवर दाबून बसतो. रोलरच्या कडेला धातूची चकती आणि लोहचुंबक, केबलची खटकी हँडलला लावायची आणि लेव्हल वाढवली की चुंबक चकतीवर जास्त जोर करतं, पायाला चढ लागल्यासारखं होतं. वीज लागत नाही. हे सातारकरांनी लक्षात घ्यावं, जोराचा पाऊस आला की लाईट जाणार, ट्रेनर चालू राहणार आणि पंखा बंद पडणार, आणि पंख्याशिवाय ट्रेनर म्हणजे शिक्षा आहे. रस्त्यावर वारा लागतो म्हणून आपण किती घामाघूम होतो ते कळत नाही, इथं हॉलमध्ये खाली डबकं होतं. हँडलवर टॉवेल टाकाच, नाहीतर घाम खाली हँडल धरणाऱ्या स्टेमच्या बोल्टमध्ये जाऊन गंज धरतो.

आता खांदा दुखावलेल्यांसाठी खास गोष्ट, जी बॉक्सवरच्या चित्रात कुणी सांगत नाही. मागचं चाक उचललं की सायकल पुढं झुकते. धडधाकट माणसाला चालतं, पण आपल्याला अंग पुढं घसरून वजन हातावर येतं आणि हातावर आलेलं वजन सरळ खांद्यात जातं. पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवायचा, विकत मिळतो पण मी सुताराकडून खाच पाडलेला लाकडाचा तुकडा आणला, मागच्यापेक्षा बोटभर वरच ठेवला. मग बूड सीटवर टिकतं, पाठ ताठ राहते, एक हात झोळीत आणि दुसरा बाजूच्या खिडकीच्या ग्रीलवर. चढताना बाजूला स्टूल, आणि घरातलं कुणीतरी सायकल धरून उभं. दिसायला येड्यासारखं दिसतं, दिसू दे.

तोटे सांगतो. आवाज आहे. वेग वाढला की घूंऽऽ सुरू, आणि एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाईकचा खडबडीत टायर असेल तर अख्खी फरशी थरथरते. खालच्या मजल्यावरच्या काकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, काय ओ, गिरणी टाकली का वर? जाड रबरी मॅट घातली आणि गुळगुळीत टायर चढवला, मग बराच फरक पडला. टायर झिजतो, रोलरखाली काळी भुकटी पडते, त्यामुळे जुना टायर वापरा आणि हवा दर वेळी बघा, कमी असली की रोलरवर घसरतो. सायकलला थ्रू एक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारा जाड दांडा असेल तर साधा क्लॅम्प बसत नाही, वेगळा एक्सल घ्यावा लागतो, हे घेण्याआधी विचारा. चुंबकाऐवजी द्रवानं जोर लावणारे फ्लुइडवाले ट्रेनर शांत असतात, आणि मागचं चाक काढून लावायचे स्मार्ट ट्रेनर तर फारच भारी, पण त्या पैशात दुसरी सायकल येईल, दोन महिन्यांसाठी कशाला.

आणि कंटाळा. बापरे. घाटात वळणं असतात, खाली सातारा दिसतो, कुणीतरी पुढं असतं त्याला गाठायचं असतं. इथं समोर भिंत आणि कॅलेंडर. सलग अर्धा तासच खूप झाला, त्यात थोडं जोरात थोडं हळू असं केलं तरच वेळ जातो.

पण सगळ्यात महत्त्वाचं, ट्रेनरनं पाय आणि दम टिकतो, खांदा नाही. तो आखडायचा तेवढा आखडतोच. कोपर, मनगट, बोटं पहिल्यापासून हलवत ठेवायची, मग डॉक्टरांनी सांगितलं की पुढं वाकून हात लोंबकळत ठेवून लंबकासारखा फिरवायचा, नंतर भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. ही कामं सदर बाझारमधल्या आमच्या फिजिओ मॅडमनी करून घेतली, रागावून करून घेतली, आणि आज हात डोक्यावर जातोय तो त्यांच्यामुळं. त्यांना पाचपैकी पाच, मागितले तर सहा. रस्त्यावर सायकल मात्र एक्स-रे बघून ऑर्थोनी हो म्हटल्यावरच, पाय तयार आहेत म्हणून हाड तयार असतंच असं नाही.

किंमत विचारणार म्हणून सांगतो, मला आमच्या सायकल ग्रुपमधल्याच एकाकडून साडेचार हजारात मिळाला, लॉकडाऊनला घेतलेला, माळ्यावर पडून होता. असे माळ्यावर पडलेले ट्रेनर साताऱ्यात बरेच सापडतील, ग्रुपवर नुसता मेसेज टाका. माझा सध्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका मित्राकडे गेलाय, त्याला फिजिओनी सगळ्यात हलक्या लेव्हलवर चालवायला सांगितलंय, त्यामुळं कुणाला बघायला पाहिजे असेल तर दिवाळीनंतर विचारा.