कॅम्पर गाडीसाठी ‘२०० एएच’ लिथियम बॅटरी घेण्यापूर्वी

निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने गाडीतूनच फिरायचे ठरवून आम्ही उभयतांनी ठाण्यात एक जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यात पलंग, ओटा व छोटा फ्रीज स्वतःच बसवला. फ्रीज, पंखा आणि दिवे यांच्यासाठी इंजिनच्या बॅटरीखेरीज वेगळी बॅटरी लागते. ती आम्ही ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका विक्रेत्याकडून ४८ हजार रुपयांना घेतली. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे सेल, १२.८ व्होल्ट, २०० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचे माप) आणि तीन वर्षांची वॉरंटी, असे त्याने सांगितले होते आणि पेटीवरच्या स्टिकरवरही तेच छापलेले होते.

हे आकडे खरे असते तर त्या बॅटरीत साधारण अडीच युनिट वीज मावली असती, म्हणजे आमच्या वापराला दोन रात्री सहज पुरली असती. प्रत्यक्षात गुहागरच्या मुक्कामात पहिल्याच पहाटे फ्रीज बंद पडला, आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये मात्र बॅटरी ६२ टक्के शिल्लक दिसत होती. विक्रेत्याने आधी वायरिंगला, मग सोलर पॅनेलला आणि शेवटी फ्रीजला दोष दिला.

सारी फसवणूक दडलेली होती ती या ॲपमध्ये. बॅटरीतल्या सेलवर देखरेख ठेवणारे बीएमएस नावाचे सर्किट किती वीज आली आणि किती गेली हे मोजते; परंतु एकूण क्षमता किती, हा आकडा अनेक बीएमएसमध्ये सेटिंगमध्ये जाऊन हाताने भरावा लागतो. भरणाऱ्याने २०० लिहिले की ॲप २०० दाखवते आणि शिल्लक टक्केवारीही त्याच हिशेबाने काढते, आत सेल कसलेही असोत. वजनावरूनही काही कळले नाही, कारण पेटीच जाड लोखंडी पत्र्याची होती.

ठाण्यातल्या आमच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने सुचवलेली चाचणी अगदी साधी आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करून तिच्यावर मोटारीच्या हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब लावायचे आणि ते विझेपर्यंत घड्याळ पाहायचे. (बल्ब फार तापतात, ते लाकूड आणि कापडापासून दूर, कोणीतरी समोर बसलेले असतानाच लावावेत.) २०० एएचच्या बॅटरीवर ते वीस तासांहून अधिक चालायला हवेत. आमचे सुमारे नऊ तासांत विझले, म्हणजे क्षमता ८० एएचच्याही आतच होती. जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांतून काढलेले वापरलेले सेल नव्या पेटीत भरून विकले जातात, असे त्या इलेक्ट्रिशियनचे म्हणणे पडले. आमच्या पेटीत नेमके काय आहे हे ती उघडल्याखेरीज कळणार नाही, आणि सील तुटले तर वॉरंटी रद्द, अशी अट विक्रेत्याने मोठ्या हुशारीने घातलेली आहे.

बिलावर केवळ ‘बॅटरी, १ नग’ एवढेच लिहिलेले होते. म्हणून पैसे देण्यापूर्वीच पक्क्या जीएसटी बिलावर सेलचा प्रकार, व्होल्ट, एएच, अनुक्रमांक आणि सेल नवे असल्याचा उल्लेख लिहून घ्यावा, आणि बल्बची चाचणी शक्यतो दुकानातच करून मागावी. जो विक्रेता यापैकी कशालाही ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ म्हणतो, त्याच्याकडे मी तरी पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

विक्रेत्याने फोन उचलणे बंद केल्यावर आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. खरेदीची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जावे लागते. चाचणीचे सलग चित्रीकरण, ॲपचे स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याशी झालेले व्हॉट्सॲपवरचे बोलणे आम्ही तक्रारीसोबत जोडले आहे. वस्तूतला दोष तपासणीवाचून ठरवता येत नसेल, तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्यामुळे पेटीचे सील आम्ही अद्याप तोडलेले नाही.