रोममध्ये एकच तास उरलाय? जेझू की सांत इन्यात्सिओ

टूरवाले रोमचा दिवस व्हॅटिकन आणि कोलोसियममध्येच संपवतात, संध्याकाळी जेमतेम एखादा तास हाताशी राहतो आणि मग ग्रुपमध्ये वाद सुरू, जेझूला जायचं की सांत इन्यात्सिओला? दोन्ही चर्च जेझुइटांची, म्हणजे संत इग्नेशियसने काढलेल्या कॅथलिक धर्मसंघाची, चालत फार तर दहा मिनिटांचं अंतर, तिकीट दोन्हीकडे नाही आणि मान दोन्हीकडे दुखते.

फोटो हवा असेल तर सांत इन्यात्सिओ, विषय संपला. 1626 ला काम सुरू झालं पण घुमट काही झालाच नाही, मग 1685 मध्ये आंद्रेआ पोत्सो या चित्रकाराने कॅनव्हासवर घुमट रंगवून तो वर बसवला. सपाट कापड! जमिनीवर खूण केलीय तिथे उभं राहिलं की शपथेवर सांगाल खरा घुमट आहे, पण तसेच वर बघत वेदीकडे चालत जा, घुमट हळूहळू कलायला लागतो आणि पार वाकडा होतो. मधल्या छतावरचं चित्रही त्याचंच, खरे खांब कुठे संपले आणि रंगवलेले कुठे सुरू झाले ते कळतच नाही. हल्ली मात्र छत दिसेल असा आरसा ठेवलाय त्याच्यापुढे सेल्फीची रांग असते. लोक आरशात बघतात, वर कुणी बघत नाही.

जेझू जुनं, 1568 ते 1584. आत एकच मोठा हॉल, का तर प्रवचन शेवटच्या माणसालाही ऐकू जावं. छत जवळजवळ शंभर वर्षं साधंच होतं, 1670 च्या दशकात गाउल्ली नावाच्या चित्रकाराने रंगवलं आणि काय रंगवलंय! माणसं सोनेरी चौकटीतून चक्क बाहेर लोंबतायत, आणि नीट बघा, त्यांच्या सावल्यासुद्धा त्याने बाजूच्या सोनेरी नक्षीवर गडद रंगाने पाडल्यात. ती सावली एकदा दिसली की मग सगळं छत हलायला लागतं. डावीकडे संत इग्नेशियसची वेदी, तीपण पोत्सोचीच, म्हणजे इथे आलात तर पोत्सो पूर्ण चुकत नाही. मूळ चांदीची मूर्ती नेपोलियनची खंडणी भरायला पोपने वितळवली असं सांगतात. मूर्तीपुढे एक मोठं चित्र असतं, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संगीत लावून ते खाली सरकवतात आणि मागून मूर्ती दिसते, आपल्याकडे आरतीच्या वेळी गाभाऱ्याचा पडदा सरतो ना, थेट तसंच. (वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा, दुपारी बंदही असतं.)

आणि समोरच्या बाजूला संत फ्रान्सिस झेवियरचा उजव्या हाताचा भाग ठेवलाय. बाकी बहुतेक शरीर जुन्या गोव्यात, बॉम जेझूस चर्चमध्ये. आमच्या सासूबाई मडगावच्या, तिथे दहा मिनिटं हलल्या नाहीत, म्हणाल्या गोंयच्या सायबाचा हात बघायला एवढ्या लांब यावं लागलं.

त्यामुळे माझं मत जेझू, पण साडेपाचच्या आधी पोचत असाल तरच. पडदा चुकणार असेल आणि बरोबर लहान मुलं असतील तर सरळ इन्यात्सिओ, कापडाचा घुमट वाकडा होताना पोरं तीन-चार चकरा तरी मारतातच.