कुशादासीचा रेशमी गालिचा आणि बिलावरचा एक शब्द

ज्या बिलाच्या जोरावर मी बँकेशी तीन महिने भांडलो, त्या बिलात दुकानदाराने एक शब्दही खोटा लिहिलेला नव्हता. हे मला फार उशिरा कळलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघांनी अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून चार दिवसांची क्रूझ घेतली होती. ग्रीक बेटं करत करत जहाज एका सकाळी तुर्कस्तानातल्या कुशादासीला लागतं. नावाचा अर्थ पक्ष्यांचं बेट. गाव तसं आटोपशीर. धक्क्यावरून उतरलात की दुकानं, पुढे १६१८ सालची व्यापाऱ्यांची दगडी सराई आणि तिच्यामागे बाजार. पण जहाजातले लोक उतरतात ते वीसेक किलोमीटरवरच्या इफेससचे रोमन अवशेष बघायला. ही तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवायची, त्यामुळे आमच्या सगळ्या सहलीत हिला खरं बघायचं होतं ते एवढंच. त्यातही तिथली श्रीमंत रोमनांची उतारावरची घरं. त्यांच्या जमिनीवरचं मोझेक आणि भिंतींवरची चित्रं अजून शाबूत आहेत. त्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं, हेसुद्धा तिने वहीत लिहून ठेवलं होतं.

जहाजाची सहल दोघांची मिळून दोनशे युरोंच्या घरात जात होती. मी म्हटलं, कशाला? बाहेर टॅक्सी मिळते की. या ‘कशाला’ची किंमत पुढे येईलच.

दीड वाजता सगळ्यांनी जहाजावर परत, असं आदल्या रात्री केबिनमध्ये आलेल्या कागदावर छापलं होतं. धक्क्यावर उतरून फोन चालू केला तर दहा वाजलेले. मी हिच्यावर वैतागलो, नाश्त्याला इतका वेळ लावतात का म्हणून. ही म्हणाली, "अहो, नऊलाच तर उतरलो आपण." मी फोन तिच्यापुढे धरला. वाद संपला.

फाटकाबाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस पुढे आला. इंग्रजी छान, हसरा, आईवडिलांच्या वयाची माणसं म्हणून आदराने बोलणारा. इफेसस जाऊन-येऊन साठ युरो, म्हणाला. गाडी त्याची, घाई नाही. मग विचारलं, "परत किती वाजता पोचायचंय?" मी म्हटलं दीड. त्याने आपल्या मनगटाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग निघायला हवं, फार वेळ नाही तुमच्याकडे." ती नजर मला आज आठवते. तेव्हा वाटलं, काय जबाबदार माणूस आहे.

गाडी इफेससला न जाता वाटेत एका इमारतीसमोर थांबली. गालिचे विणायची शाळा, सरकारी मदतीवर चालते, वीस मिनिटं फक्त, विकत काही घ्यायचं नाही. आत दोन बायका मागावर बसल्या होत्या. गरम पाण्यात रेशमाचे कोष, त्यातून धागा सुटत होता, एका कोषातून जवळपास किलोमीटरभर निघतो म्हणे, आणि ते खरंही आहे. तुर्की पद्धतीची दुहेरी गाठ आमच्या हातांनी मारून घेतली. सफरचंदाचा चहा आला. एवढं होईपर्यंत मला कुठेही संशय आला नाही, कारण यातलं काहीही खोटं नव्हतं. अशा ठिकाणी पहिला अर्धा तास खरंच दाखवतात.

मग मोठी खोली. दोन पोरं एकामागून एक गालिचे उलगडून हवेत फिरवत आणि पायाशी पसरत गेली. सूट घातलेला एक गृहस्थ हेरेकेबद्दल सांगू लागला. हेरेके हे इझमितजवळचं गाव, सुलतानांच्या डोल्माबाहचे राजवाड्यासाठी तिथे गालिचे विणले गेले, हेही खरंच. त्याने एक लहान गालिचा गर्रकन फिरवला तर निळा होता तो रुपेरी झाला. "रेशीमच असं करतं," तो म्हणाला. आता मला माहीत आहे की केसाळ विणीचा कुठलाही चकचकीत गालिचा असं करतो. केस एका दिशेला झुकलेले असतात, एका बाजूने उजेड परततो, दुसऱ्या बाजूने गिळला जातो. कृत्रिम धागा तर जास्तच चमकतो. नंतर त्याने एक धागा उपटून लायटरने जाळला. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली. ही खऱ्या रेशमाची परीक्षा आहे, पुस्तकात सांगतात तीच. फक्त धागा त्याने भिंतीवर टांगलेल्या दुसऱ्या गालिच्याचा उपटला होता. मी समोर बसून ते पाहिलं, आणि तरी पाहिलं नाही.

एकोणीसशे युरोंवरून सुरुवात झाली. मी घड्याळ बघत होतो, तो माझ्याकडे बघत होता. पावणेबारा वाजले तसा चालक दारात येऊन उभा राहिला, काही न बोलता. किंमत सहाशे पन्नासवर आली. ही माझ्या कानात म्हणाली, "चला ना, इफेसस राहील." मला वाटलं, घेतल्याशिवाय इथून सुटका नाही आणि सुटका झाली तरच इफेसस. कार्ड पुढे केलं. मशीनवर युरो की रुपये असं आलं आणि पोराने परस्पर रुपये दाबलं. तेव्हा मला ती सोय वाटली. रुपये निवडले की रूपांतराचा दर आपल्या बँकेचा नाही, त्या मशीनवाल्यांचा लागतो, आणि त्यांचा नफा त्यातच असतो. मी नंतर मोजलं, सहा टक्के वर गेले.

इफेससला बारा वाजून दहा मिनिटांनी पोचलो. लोक वरच्या दरवाजाने शिरतात आणि उतरत उतरत खालच्या दरवाजाने बाहेर पडतात, कारण सगळं शहर उतारावर आहे. आम्हाला त्याने खाली सोडलं. चाळीस मिनिटांत इथेच या, म्हणाला. म्हणजे चढायचं आणि तसंच परत उतरायचं. पंचवीस हजार माणसं बसतील असं ते नाट्यगृह आम्ही उभ्या उभ्या पाहिलं. आर्टेमिस देवीच्या देवळाच्या चांदीच्या छोट्या प्रतिकृती विकणाऱ्या देमेत्रियस नावाच्या सोनाराने, संत पॉलच्या प्रवचनांनी आमचा धंदा बुडतोय म्हणून, भडकवलेला जमाव याच जागी येऊन ओरडला होता. ही चालता चालता मला सांगत होती आणि धापा टाकत होती. सेल्ससच्या ग्रंथालयासमोर पोचलो. त्या दुमजली दर्शनी भिंतीचे दगड गेल्या शतकात, १९७०च्या दशकात, पुन्हा जुळवून उभे केलेले आहेत. तिथेच, अगदी शेजारी, उतारावरच्या घरांचं दार. हिने वही काढली. मी घड्याळ दाखवलं. तिने वही परत पर्समध्ये ठेवली आणि काही बोलली नाही.

परतताना बंदर दिसायला लागल्यावर चालक म्हणाला, साठ प्रत्येकी. शिवाय दुकानात थांबलो त्याचे वेगळे, पण ते जाऊ दे. एक वीस झाले होते. जहाज स्वतःच्या सहलीच्या बससाठी खोळंबतं, आपल्यासारख्या सुट्या प्रवाशासाठी नाही. एकशेवीस दिले आणि पळत सुटलो.

घरी आल्यावर दीड महिन्यात हिच्या हातून पाण्याचा पेला गालिच्यावर सांडला. वाळल्यावर तिथे पिवळट, ताठ डाग. गालिचे रफू करणाऱ्या एका कारागिराला दाखवला. त्याने त्याच गालिच्याच्या केसांमधला धागा काढून जाळला, कागद जळल्याचा वास. म्हणजे व्हिस्कोस, कृत्रिम रेशीम. गाठी हाताच्या आहेत, काम वाईट नाही, शंभर-सव्वाशे युरोंचा माल, असं म्हणाला.

बँकेत तक्रार केली. दुकानाने उत्तरादाखल बिलाची प्रत पाठवली आणि बँकेने मला कळवलं की वस्तू बिलातल्या वर्णनाप्रमाणेच आहे, पिन तुम्हीच घातला होता. बिलावर हस्ताक्षरात लिहिलं होतं ‘फ्लोश’. मी तो गालिच्याच्या नमुन्याचा किंवा गावाचा प्रकार समजलो होतो. तुर्कीत कृत्रिम रेशमाला फ्लोश म्हणतात. खऱ्या रेशमाला ‘इपेक’. कुणाला घ्यायचाच असेल तर बिलावर ‘साफ इपेक’ लिहून मागा, आणि जो घेणार त्याच गालिच्याचा धागा जाळायला सांगा, बाजूच्या नव्हे. लिहायला कां कूं केलं की चहा संपवून उठा. जाता जाता, ‘साफ’ हा शब्द तिकडेही शुद्ध अशाच अर्थाचा आहे, पण भोळसट माणसालाही ते साफच म्हणतात.

इफेससला जायला टॅक्सीच लागते असंही नाही. कुशादासीहून इफेससजवळच्या सेल्चुक गावाला दोल्मुश, म्हणजे आपल्या वडापसारख्या छोट्या बस, जातात. इफेससच्या फाट्यावर उतरून थोडं चाललं की खालचा दरवाजा. आमच्या वेळेत ते बसत नाही असं मला वाटलं होतं.

त्या दिवशी जहाजाच्या शिडीपाशी आम्ही घामाघूम पोचलो तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. रांग नाही, घाई नाही. सुरक्षारक्षक कार्ड तपासताना म्हणाला, "इतक्या लवकर?" त्याच्या मागच्या घड्याळात बारा पंचवीस झाले होते. तुर्कस्तानने २०१६ पासून घड्याळं मागेपुढे करणं बंद केलंय. ग्रीस ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातो. जहाज ग्रीक वेळेवर चालत होतं, आणि धक्क्यावर उतरताच माझा फोन तुर्की वेळेवर गेला होता. केबिनमधल्या त्या कागदावर पहिलीच ओळ ठळक अक्षरांत होती, जहाजाची वेळ बदलणार नाही. धक्क्यावरच्या त्या माणसाला ती न वाचता ठाऊक होती.

आम्ही धक्क्यावरच एका बाकावर बसलो, मांडीवर गालिच्याचं गाठोडं. बराच वेळ ही समुद्राकडे बघत होती. मग म्हणाली, "एक तास होता. घरं बघून झाली असती."