रायफल ऑनलाइन घेताय? लायसन्स खरं निघालं तरी दुकान खोटं असू शकतं

ओहायोत राहणाऱ्या आणि यंदा पहिल्यांदा डिअर हंटिंगला जायचं म्हणणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय. गेल्या सीझनच्या तोंडावर माझे साडेचारशेच्या वर डॉलर गेले, आणि ज्या पद्धतीने गेले ती पद्धत सगळं कळल्यावरसुद्धा मला बऱ्यापैकी चोख वाटते. "स्वस्ताच्या मागे लागला असशील" हे मित्रांनी ऐकवून झालंय, घरच्यांनी ऐकवून झालंय, म्हणून आधी तेच खोडून काढतो.

यूट्यूबवर बेस्ट फर्स्ट डिअर रायफल म्हणून जे काय दाखवतात ना, .३०८, .२७०, .२४३, सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर या काडतुसांच्या, ते शेजारी पेनसिल्व्हेनियात चालतं, ओहायोत हरणासाठी चालत नाही. इथे २०१४ पासून रायफलला परवानगी आहे पण स्ट्रेट-वॉल काडतुसाचीच, म्हणजे ज्याची केस (गोळीमागचं धातूचं नळकांडं) वर मानेपाशी एकदम निमुळती होत नाही ती. मग मुख्यतः उरतं काय, .४५० बुशमास्टर, .४५-७०, .४४ मॅग्नम आणि विंचेस्टरने २०१९ मध्ये आणलेलं .३५० लेजंड. नवख्या माणसाला लेजंडच बरं, खांद्याला झटका कमी, गोळ्या बुशमास्टरपेक्षा स्वस्त, दीडशे यार्डांपर्यंत काही चिंता नाही आणि इथल्या झाडीत त्याच्या पुढचं दिसतंय कुणाला. त्यात रुगर अमेरिकन रँच, सॅव्हेज ॲक्सिस, मॉसबर्ग पॅट्रियट हे बजेटवाले पर्याय, साधारण साडेचारशे ते सहाशेत बसतात, स्कोपचे दीडशे-दोनशे वेगळे धरा. ऑफिसातल्या एका जुन्या शिकाऱ्याने रँच घे म्हणून सांगितलं आणि विषय संपला.

संपला कसला. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी इथला गन वीक, म्हणजे बंदुकीने हरणाच्या शिकारीचा आठवडा, सुरू होतो आणि सगळ्या राज्याला त्याच मोजक्या काडतुसांच्या रायफली हव्या असतात, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये लेजंडची रॅक रिकामी. आमच्या जवळच्या दुकानात "५०९ ला होती, गेली, आता डिसेंबरात" हे उत्तर. चोरांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. मला जी वेबसाइट सापडली तिच्यावर तीच रायफल ४३९ ला होती, शिपिंग वीस. अर्ध्या किमतीत असती तर मीच हसून टॅब बंद केला असता. पन्नास-सत्तरचाच फरक, आणि मुख्य म्हणजे "इन स्टॉक".

मी चॅटवर विचारलं की तुमचं लायसन्स दाखवा. इथे बंदूक विकणाऱ्या दुकानाला फेडरल लायसन्स लागतं, एफएफएल म्हणतात, आणि दुसऱ्या राज्यातून बंदूक मागवली तर ती घरी येत नाही, आपल्या गावातल्या एफएफएलवाल्या दुकानात येते, तिथे आपण ४४७३ फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक व्हायचा, पंचवीस-तीस डॉलर ट्रान्सफर फी द्यायची, मग हातात. त्यांनी लगेच लायसन्सची कॉपी पाठवली. एटीएफ, म्हणजे ही लायसन्स देणारं फेडरल खातं, त्यांच्या साइटवर ईझी चेक नावाची सोय आहे, लायसन्स नंबरचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकले की ते चालू आहे का ते दिसतं. टाकले. चालू. नाव तेच, पत्ता तोच, मुदतसुद्धा बाकी. आता सांगा, सामान्य माणूस याच्यापुढे काय तपासणार?

पैसे झेलने (Zelle, बँकेतून थेट दुसऱ्याच्या खात्यात पाठवायची सोय). कार्ड का नाही विचारलं तर म्हणे पेपाल वगैरे लोक बंदुकीचा व्यवहार घेत नाहीत. हे खरंच आहे हो, पेपाल घेत नाही, आणि खऱ्या गोष्टीला चिकटवलेली थाप गळ्याखाली लवकर उतरते. (खरी दुकानं मात्र क्रेडिट कार्ड बिनधास्त घेतात, हे लक्षात ठेवा.) झेलवर दुकानाचं नाव न दिसता कुणा बाईचं नाव दिसलं, ती म्हणे आमची अकाउंटंट. आणि मेमोत बंदूक, रायफल असं काही लिहू नका, बँक अडवते, "कॅम्पिंग गिअर" लिहा, असंही वर सांगितलं. हे वाक्य ऐकलंत की तिथेच थांबा. पुढे बँकेत तक्रार केली तेव्हा समोरच्या बाईने स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारलं, सर, तुम्ही कॅम्पिंगचं सामान घेतलं होतं की रायफल? काय बोलणार, कप्पाळ!

दोन दिवस ट्रॅकिंग नंबर, छान हलणारा. तिसऱ्या दिवशी मेल, शिपिंग कंपनीच्या नावाने, की फायरआर्म असल्यामुळे ६५० डॉलरचा विमा भरावा लागेल, डिलिव्हरीनंतर पूर्ण परत. ४३९ च्या वस्तूला ६५० चा विमा! मी नाही म्हटलं, ऑर्डर कॅन्सल करा म्हटलं. त्यावर जो मेल आला तो मी ठेवून दिलाय. मजकूर असा की पॅकेज तुमच्या नावावर निघालंय, ते सोडून दिल्यास फेडरल गुन्हा होतो, एटीएफ आणि इमिग्रेशनला कळवण्यात येईल. चॅटवर लायसन्ससाठी विचारपूस करताना ग्रीन कार्ड चालतं का असं मी सहज विचारलं होतं, तेवढं त्यांनी बरोब्बर टिपून ठेवलेलं. माझा सिटिझनशिपचा अर्ज तेव्हा पेंडिंग. बायको म्हणाली भरून टाक आणि मिटव एकदाचं, नसतं लचांड नको. तिकडे सोलापूरला आईला तर हरणाची शिकार म्हटल्यावरच धडकी भरते, भारतात वन्यजीव कायद्याने हे बंद, त्यामुळे तिच्या दृष्टीने मी आधीच अर्धा तुरुंगात.

मी गाडी काढून आमच्या गावातल्या त्या दुकानात गेलो, जिथे माझी रायफल येणार होती. काउंटरवरच्या माणसाने मेल वाचला आणि एकच विचारलं, तुझ्या सेलरने आम्हाला आमच्या लायसन्सची कॉपी मागितली का? नव्हती मागितली. ना फोन, ना मेल. खरा विक्रेता बंदूक पाठवण्याआधी घेणाऱ्या दुकानाचं लायसन्स मागतोच, किंवा ते त्याच्याकडे आधीपासून असतं, त्याशिवाय त्याला पाठवता येत नाही. अख्ख्या प्रकरणातली हीच एक गोष्ट त्या लोकांना जमत नाही, कारण पाठवायला काही नसतंच.

मग त्याने लायसन्सवरच्या पत्त्याचं दुकान मॅपवर शोधून तिथला नंबर लावला, वेबसाइटवरचा नाही. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ, आवाजच वैतागलेला. म्हणाले मी रायफली विकतच नाही, दुरुस्त्या करतो, आणि तुमच्यासारखे फोन मला रोज येतात. लायसन्स त्यांचंच, एकदम खरं. दुकानं ट्रान्सफरसाठी एकमेकांना या कॉप्या मेलवर पाठवत असतात, एखादी कुणाच्या हाती लागली की तिच्यावर वेबसाइट उभी राहते.

धमकीला मी उत्तर दिलं नाही आणि काहीही झालं नाही. ग्रीन कार्डवाल्याला रायफल घेता येते. एच-वनवाल्यांना एरवी बंदी आहे पण वैध हंटिंग लायसन्स असेल तर तो अपवाद धरला जातो, फक्त दुकानात ते दाखवावं लागतं. न आलेलं पॅकेज सोडल्याबद्दल कुणी पकडत नाही. बँकेने पैसे तुम्हीच पाठवलेत म्हणून हात वर केले. एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन गुन्ह्यांच्या साइटवर आणि ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या एफटीसीकडे तक्रार टाकलीय, पैशांची आशा नाही.

त्या गन वीकला मी ऑफिसातल्या त्याच माणसाची जुनी स्लग शॉटगन नेली, काही मिळालं नाही ते सोडा. जानेवारीत त्याच दुकानात रँच आली, ४९९ ला, क्रेडिट कार्डवर घेतली. ती फसवी साइट बंद झालीय. त्याच फोटोंची, त्याच चॅटवाली दुसरी एक चालू आहे, दुसऱ्या नावाने, आणि लेजंड आत्तासुद्धा इन स्टॉक आहे. लायसन्सची कॉपी पाठवली तर मॅपवरून नंबर काढून त्या दुकानात फोन करा. आणि तुमच्या गावच्या दुकानदाराला विचारा, कुणी तुमचं लायसन्स मागितलं का?