कबड्डीचा गुडघा आणि घरातला सायकल ट्रेनर : पावसाळाभर वापरून

इनडोअर ट्रेनर (आपलीच सायकल लावून घरात एका जागी पेडल मारायचं यंत्र) घ्यावा का असं विचारणाऱ्यांत हल्ली पंचेचाळीशी ओलांडलेलेच जास्त दिसतात आणि प्रत्येकाचं काहीतरी जुनं दुखणं असतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी मे अखेरीस घेतला, आता दिवाळी होऊन गेली. मॉडेलचं नाव टाकत नाही, कारण या किमतीतले सगळे थोड्याफार फरकाने असेच वागतात.

आधी माझी स्थिती सांगते, म्हणजे हे तुम्हाला किती लागू पडेल ते कळेल. वय ४७, मुलुंड पूर्व, बँकेत नोकरी. कॉलेजात कबड्डी खेळायचे, त्यात डाव्या गुडघ्याचं एसीएल (आतलं मुख्य लिगामेंट) तुटलं, ऑपरेशन झालं, मेनिस्कसचा, म्हणजे गुडघ्यातल्या कुर्चेच्या गादीचा, थोडा भागही काढलाय. उजव्या खांद्याची वेगळीच रडकथा. डोक्यात आहे गोव्याचं ७०.३, ही अर्ध्या आयर्नमॅनची ट्रायथलॉन शर्यत, म्हणजे १.९ किमी पोहायचं, मग ९० किमी सायकल, आणि त्यानंतर २१.१ किमी पळायचं. २०१९ ला पहिल्यांदा झालं ते, मिरामारला. यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू. मिलिंद सोमणने २०१५ मध्ये झुरिकला पूर्ण आयर्नमॅन केलं, म्हणजे याच्या दुप्पट, तेही पन्नाशीला टेकलेला असताना, आणि तेव्हापासून आपल्याकडे खूप जणांना वाटतं की आपणही करू शकतो. तो माणूस राष्ट्रीय पातळीवरचा स्विमर होता हे सोयीस्करपणे विसरलं जातं. असो.

मुलुंडहून सायकलचा रूट म्हणजे ऐरोली ब्रिज, तिथून वाशी, मग पाम बीच रोड. उन्हाळ्यात पहाटे मस्त आहे. पावसाळ्यात खड्डा कुठे आणि नुसतं पाणी कुठे कळत नाही, आणि माझ्यासारखीच्या गुडघ्याला खड्ड्यापेक्षा जास्त त्रास देतात ते झटके: सिग्नल सुटला की जड गिअरवर उभं राहून मारलेले पहिले चार पेडल, ब्रिजच्या चढावर उशिरा बदललेला गिअर, मागून हॉर्न वाजला की घाबरून मारलेली स्पीड. हे सगळं घरात नसतं. मुळात एवढ्यासाठीच घेतला.

दोन प्रकार असतात. एकात मागचं चाक रोलरवर टेकवायचं, स्वस्त पडतं, पण टायर झिजतो आणि टायरमधली हवा कमीजास्त झाली की आकडे बदलतात. दुसऱ्यात मागचं चाक काढून सायकल थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांवर) बसवायची, डायरेक्ट ड्राइव्ह. मी हा घेतला. पन्नास हजारांच्या पुढचा मामला आहे, नवरा किंमत ऐकून दोन दिवस काही बोलला नाही.

आता मुख्य मुद्दा. माझा स्पीड वाढला का, तर थोडाफार, त्याचं एवढं काही नाही. माझ्यासाठी खरा फायदा हा की गुडघ्यावर किती काम टाकलं ते आकड्यात कळतं. आमच्या फिजिओ मॅडमचा नियम आहे की व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना ते वाढलेलं असेल तर डोस कमी करायचा. रस्त्यावर डोस म्हणजे काय हेच कळायचं नाही, वारा समोरून असला की त्याच ४० किमीचा जीव निघायचा. ट्रेनरवर १२० वॉट म्हणजे १२० वॉट, आज अर्धा तास, पुढच्या आठवड्यात पाच मिनिटं जास्त, कुरकुर झाली की परत मागे. इतकं कंटाळवाणं आहे हे, पण गुडघ्याला कंटाळवाणंच मानवतं.

पण यातच एक सापळा आहे, तो दुकानात कोणी सांगत नाही. अर्ग मोड म्हणून जे असतं त्यात तुम्ही वॉट ठरवता आणि ट्रेनर स्वतः रेझिस्टन्स बदलत राहतो. आता १५० वॉट ९० आरपीएमला (मिनिटाला पेडलच्या ९० फेऱ्या) मारा किंवा ६० ला, पॉवर तीच, पण ६० ला प्रत्येक फेरीत दीडपट जोर लागतो, साधं गणित आहे. दमल्यावर पाय मंदावले की हा शहाणा वॉट टिकवायला रेझिस्टन्स अजून वाढवतो, मग पाय अजून मंद, मग तो अजून जड, आणि ज्या क्षणी गुडघ्याला सूट द्यायला हवी नेमका तेव्हाच सगळा भार त्याच्यावर येतो. त्यामुळे जुनं दुखणं असेल तर कॅडन्स, म्हणजे हाच फेऱ्यांचा वेग, ८० च्या खाली जायला लागला की सरळ अर्ग बंद करा नाहीतर टार्गेट खाली आणा, हट्ट करू नका.

दुसरी गोष्ट, ट्रेनर एकूण वॉट सांगतो, कुठल्या पायाचे ते सांगत नाही. माझा उजवा पाय वर्षानुवर्षं डाव्याचं काम गुपचूप करतोय आणि स्क्रीनवर मात्र सगळं छान छान दिसतं. फिजिओ मॅडमनी एका पायावर लेग प्रेस करून बघायला लावलं तेव्हा फरक उघडा पडला, आणि आता आठवड्यातून दोनदा डाव्या पायाचं वेगळं वजन चालू आहे. पैसे असतील तर दोन्ही बाजूंचा पॉवर मीटर असलेले पेडल येतात, मी अजून हिंमत केलेली नाही, घरी पुन्हा दोन दिवस शांतता नको.

फिटिंगबद्दल. रस्त्यावर आपण सीटवर सरकतो, उठतो, उतारावर पाय थांबवतो. ट्रेनरवर यातलं काही नाही, तासभर एकाच जागी एकाच पोझिशनमध्ये अखंड पेडल, म्हणून सेटिंगमधली बारीकशी चूकही इथे लगेच बोलते. मला गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायचं, सीट खाली होती, थोडी थोडी वर घेत नेली (पेडल तळाला असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशात वाकलेला हवा). सीट जास्त वर गेली तर दुखणं मागच्या बाजूला जातं, तेही बघून झालं. क्रँक (पेडलचे दांडे) १७० मिमीचे होते ते १६५ केले, त्याने पेडल वर येताना गुडघा कमी दुमडतो. आणि क्लीट (बुटाखालचे, पेडलला अडकणारे तुकडे) शिमानोचे पिवळे, त्यात पाय ६ अंश फिरू शकतो, लाल असतात त्यात अजिबात नाही. मेनिस्कस गेलेल्यांनी लालच्या वाट्याला जाऊ नये असं माझं मत.

मुंबईची हवा. पंख्याशिवाय विचारही करू नका, आणि छताचा पंखा म्हणजे काहीच नाही, समोर मोठा पेडेस्टल हवा. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा की घाम सुकतच नाही, नुसता गळतो, आणि तेच वॉट असूनही अर्ध्या तासानंतर हार्ट रेट चढत जातो, तेव्हा पावसाळ्यात फिटनेस गेला म्हणून रडत बसू नका. हँडलवर जाडजूड टॉवेल टाका, झाल्यावर सायकल पुसाच, घामाने स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाचे) बोल्ट गंजतात. पाण्यात मी आधी ओआरएस घ्यायचे, पण त्यात लिटरमागे ग्लुकोज साडेतेरा ग्रॅमच, मीठपाण्याला ठीक, ९० किमीच्या पोटापाण्याला नाही. केळी, खजूर, एनर्जी जेल काय पचतं आणि काय वर येतं याच्या चाचण्या घरीच उरकल्या, बाथरूम जवळ असतं हा मोठा फायदा.

आवाज म्हणाल तर मशीनचा फार नाही, चेनचा येतो तेवढाच, पण थरथर स्लॅबमधून खाली जाते. आमच्या खालच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, "काय गं, पहाटे पहाटे गिरणी टाकलीस का घरात?" मग जाड रबराची मॅट, त्याखाली जोडायच्या फोमच्या लाद्या, आणि वेळ सहानंतर. आता काकू फक्त गुडघ्याची चौकशी करतात.

पोहण्याला याचा काडीचाही उपयोग नाही, ते मुलुंडच्या कालिदासच्या स्विमिंग पूलमध्ये, खांदा चालेल तसं. पळण्याला आहे. ट्रेनरवरून उतरलं की शूज बदलून तीन जिने खाली आणि लगेच सोसायटीच्या कंपाउंडमध्ये पळायचं, ब्रिक म्हणतात त्याला. पहिली दहा मिनिटं पाय आपले वाटत नाहीत, वॉचमन हसतो.

खटकलेल्या गोष्टी: विक्रेत्याने थ्रू अ‍ॅक्सलचा (चाकाच्या आरपार जाणाऱ्या दांड्याचा) अडॅप्टर दिलाच नाही, तो यायला तीन आठवडे गेले आणि तोवर खोका हॉलमध्ये. कॅसेट बसवलेली आहे की वेगळी घ्यावी लागणार तेही आधी विचारा. फोनने ब्लूटूथ पकडून ठेवला की टॅबला माझा ट्रेनर सापडत नाही, रोज तीच कटकट. आणि इथे वळणं, ब्रेक, गर्दी काही शिकता येत नाही, पावसानंतर पहिल्यांदा पाम बीचला गेले तर एका हाताने बाटली काढताना सायकल डुलत होती. त्यामुळे आता फेब्रुवारीपर्यंत रविवारी बाहेरच जाणार आणि मधल्या वारी ट्रेनर.

ट्रेनर त्याचे पाय दुमडून पलंगाखाली जातो खरा, पण वजन १८ किलोच्या आसपास आहे, आणि माझ्या खांद्याला ते झेपत नाही, रोज नवऱ्याला हाक मारावी लागते. खांद्याचं दुखणं असलेल्यांनी घेण्याआधी दुकानात स्वतः एकदा उचलून बघा.