लेदर बाउंड ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’, पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

उन्हाळ्यात घेतलं होतं, आता थंडी पडायला लागलीये, म्हणजे पावसाळा धरून बऱ्यापैकी वापर झालाय. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची ही लेदर बाउंड आवृत्ती, कडांना सोनेरी मुलामा, खुणेला रेशमी फीत, पण मी घेतली ती ह्यू थॉमसनच्या चित्रांसाठी. लंडनचे प्रकाशक जॉर्ज ॲलन यांनी १८९४ ला काढलेल्या, मुखपृष्ठावर मोर असलेल्या त्या आवृत्तीतली चित्रं, ती मूळ प्रत काही आपल्या खिशाला झेपायची नाही. पहिलंच चित्र बघा, नायिका एलिझाबेथ तिच्या बहिणीची, जेनची पत्रं वाचत बसलीये. हा प्रसंग ३४व्या प्रकरणातला, आता कुठल्याही क्षणी दारावरची घंटा वाजणार आणि नायक डार्सी येऊन लग्नाची मागणी घालणार! अख्ख्या कादंबरीतून नेमका हाच क्षण पहिल्या पानाला निवडलाय, मी तर फिदा झाले. आणि छपाई सुरेख, स्वस्त प्रतींमध्ये या बारीक रेषांचा नुसता काळा चिखल होतो, इथे एकेक रेघ सुटी दिसते.

बांधणी शिवलेली आहे, सुरुवातीला जरा ताठ होती पण एकदा पूर्ण वाचून झाल्यावर मस्त सैलावली, आता मधलं कुठलंही पान उघडा, टेबलावर सपाट पडून राहतं. वजन आहे, झोपून वाचायचं हे पुस्तक नाही.

जुलैत कव्हरच्या कोपऱ्यात पांढरी बुरशी दिसली, ठाण्याच्या पावसात चामडं म्हटल्यावर हे होणारच, मऊ सुक्या कापडाने पुसली, पुस्तक भिंतीपासून पुढे ओढून ठेवलं, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, परत आली नाही. प्लॅस्टिकमध्ये अजिबात गुंडाळू नका, दमट हवा आतच कोंडते.

एकच गोष्ट मनापासून खटकली. १८१३ मध्ये ही कादंबरी तीन खंडांत आली होती, १८ शिलिंगला, साध्या पुठ्ठ्यात, चामड्याची बांधणी ज्याची त्याने हौसेने करून घ्यायची. दुसरा खंड संपतो तो पेंबर्लीला, म्हणजे डार्सीच्या वाड्यावर, जायचं ठरतं तिथे, तिसरा उघडला की थेट पेंबर्ली! इथे मात्र १ ते ६१ प्रकरणं सलग लावलीयेत, खंड कुठे संपला याची खूणसुद्धा नाही, एवढे पैसे घेता तर मध्ये दोन कोरी पानं टाकायला काय जात होतं? मी २३ आणि ४२व्या प्रकरणाच्या शेवटी कागदाच्या पातळ पट्ट्या घातल्यात. पहिल्यांदाच वाचणार असाल तर ४२ संपल्यावर एक दिवस पुस्तक मिटून ठेवा, मग पुढे जा.